शेवटचं घर

तिच्या हातातला मार्कर मी काढून घेतला. हिसकावून नाही, लेक वेडीवाकडी पोळी लाटत असली की आई जशी सहज लाटणं घेते, तसा. ‘थांब, दे इकडे,’ म्हटलं आणि तिने दिला. नववी ‘ब’, धाराविद्युतचा धडा, पोळा आठवड्यावर आलेला. पावसाने दडी मारली की नागपुरात जी चिकचिक होते, ती वर्गात भरून राहिली होती. पंखे फिरत होते, पण हवा नुसती इकडची तिकडे होत होती. प्रश्न साधा होता. एक बॅटरी, तिला एकापुढे एक जोडलेले तीन सारखे बल्ब. कोणता जास्त उजळेल? चित्र काढा, कारण लिहा. तिच्या गटाच्या फळ्यावर बॅटरी नीट होती, जोडणी बरोबर होती. पहिल्या बल्बभोवती दहा-बारा किरणं, दुसऱ्याभोवती पाच-सहा, तिसऱ्याला दोनच. आणि खाली, जिथे कारण लिहायचं होतं, तिथे एक गल्ली. तीन घरं, जमिनीखालून गेलेला पाइप, प्रत्येक दारात नळ आणि नळाखाली बादली. पहिली बादली काठोकाठ, तिसरीच्या तळाशी एक रेघ.

“करंट पहिल्याच बल्बात खर्च होते ना मॅडम,” ती म्हणाली. “आमच्या गल्लीत तसंच होते. पहिल्या घरी बदाबदा, अन् आमच्या घरी पोचेपर्यंत करंगळीएवढी धार.”

मी मार्कर घेतला, तळहाताने ती घरं पुसली, तिन्ही बल्बांना सारखी किरणं काढली आणि म्हटलं, विद्युतधारा खर्च होत नाही गं, बॅटरीतून जेवढी निघते तेवढीच परत येते. समजलं? ‘हो मॅडम.’ पंचवीस वर्षांच्या नोकरीत ‘समजलं?’ला ‘नाही’ असं उत्तर मला किती वेळा मिळालं असेल, ते दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येईल. पुढच्या गटाकडे गेले. तळहातावर निळी शाई राहिली होती, ती स्टाफरूमच्या बेसिनवर साबणाने घासली तरी रेषांमधून निघाली नाही. डबा खाताना ती दिसली आणि तेव्हा पहिल्यांदा काहीतरी खुपलं.

हे फळे माझेच उद्योग. शाळेजवळच्या फर्निचरवाल्याकडे एकदा कपाटाचं काम बघत उभी होते. त्याने पांढऱ्या चकचकीत सनमायकाचा आठ बाय चारचा पत्रा जमिनीवर पसरला, कटरने एक ओरखडा ओढला, गुडघा टेकवला आणि काडकन् मोडला. मला ते मोडणं इतकं आवडलं की मी तिथेच हिशोब केला. छत्तीस इंच, बत्तीस इंच... बत्तीस! शहाण्णव इंचांत बत्तीसचे तीन, अठ्ठेचाळीसमध्ये चोवीसचे दोन. एका पत्र्यात बरोबर सहा फळे, कपचीही वाया नाही. दोन पत्र्यांत बारा. वर्गात साठ पोरं, पाच जणांत एक. नंतर वाचनात आलं, की अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये माल्कम वेल्स नावाचे एक हायस्कूलमधले भौतिकशास्त्राचे शिक्षक १९८०च्या दशकात हेच करत होते, आणि तिकडे रूढ झालेलं मापही चोवीस बाय बत्तीस इंचच आहे. आठ बाय चारचा पत्रा तिकडेही तोच, भागाकारही तोच. मला उगाचच ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं.

गटात बसवून शिकवणं आपल्याकडेही काही नवं नाही. इथून इटारसीच्या गाडीत बसलं की चार-पाच तासांत मध्य प्रदेशातला होशंगाबादचा (आता नर्मदापुरम) मुलूख लागतो. तिथल्या सरकारी शाळांत १९७२ पासून चार-चार पोरांच्या टोळ्या करून, प्रयोग करून विज्ञान शिकवलं जायचं. तीस वर्षं चाललं. २००२ मध्ये सरकारने बंद केलं. आमच्या स्टाफरूममध्ये याचा विषय निघाला, की एखादा हमखास म्हणतो, ‘शेवटी बंदच पडलं ना.’ जसं काही जे बंद पडतं ते चुकीचंच होतं.

तर फळे आले. सनमायका नुसताच वापरला तर लपलप हलतो, म्हणून मागे जुना हार्डबोर्ड चिकटवला. कडा पोरांच्या हाताला लागायच्या, त्यांना चिकटपट्टी. पुसायला जुने मोजे. प्रत्येकाने घरून एक आणायचा, धुऊन. धुऊन या शब्दावर वर्ग का हसला, ते पहिल्या आठवड्यात कळलं. मार्करला उग्र वास येतो, थोडा स्पिरिटसारखा, थोडा गोडसर, आणि बारा मार्कर एकदम उघडले की व्हरांड्यातून जाणारे काका नाक मुरडून म्हणतात, ‘मॅडम, दवाखाना उघडला का?’ बाकांवर एवढा फळा मावत नाही, म्हणून निम्मे गट व्हरांड्यात खाली बसतात. मग शेजारच्या वर्गातून तक्रार येते. पालकसभेत एक वडील मुलाची वही घेऊन आले होते. ‘हे पाहा, आठ दिवसांत एक पान. बाकी काय करून राहिला हा?’ तुमचा मुलगा आठ दिवसांत सहा वेळा चुकला आणि चार वेळा स्वतःच सुधारला, पण ते पुसलं गेलं, असं मी त्यांना कसं सांगणार? ‘पुढच्या आठवड्यापासून लिहून देते,’ म्हटलं, आणि दिलंही.

सगळं गोड नाही. सुरुवातीला प्रत्येक गटात एकच हात चालायचा. ज्याचं अक्षर चांगलं, ज्याला ट्यूशनमध्ये धडा आधीच झालेला, तो मार्कर घेऊन बसायचा. उरलेले फळा धरायचे. म्हणजे अक्षरशः धरायचे. गट उभा राहिला की दोघं दोन कोपरे धरून, पुतळ्यासारखे. कोणी प्रश्न विचारला तर मान मार्करवाल्याकडे. मी त्यांना मनात ‘फळा धरणारे’ म्हणायचे. मग नियम केला, दर प्रश्नाला मार्कर पुढच्याकडे जाईल. तरी पोरं पळवाट काढतात. एक सांगतो, दुसरा नुसता लिहितो. ती शेवटच्या घरवाली पक्की फळा धरणारी. जूनअखेर शाळा उघडल्यापासून तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला होता. त्या दिवशी मार्कर तिच्याकडे आला, आणि कोणी सांगितलेलं नसताना, कोणाच्या वहीत नसलेलं काहीतरी तिने काढलं. आणि मी काय केलं?

लहानपणी आमच्याकडे पाटी होती. लाकडी चौकटीची, एक कोपरा फुटलेली. पाटीही पुसायचीच वस्तू, पण तिच्यावर लिहिण्यात आणि यात फरक होता, तो माझ्या हाताला आठवतो. पाटीवर लिहिताना डावा हात कोपरापासून आडवा घालायचा, शेजारच्याला दिसू नये म्हणून. गुरुजी ‘पाट्या वर’ म्हणायचे, साऱ्या पाट्या एकदम डोक्यावर, आणि चुकलेलं असलं तर वर नेता नेता अंगठ्याने हळूच अंक बदलायचा. थुंकी लावून पुसलं की धपाटा. विद्येला थुंकी लावायची नाही. मग ओलं फडकं नसलं की फ्रॉकचा घेर. घरी आई विचारायची, आज काय शिकलीस, तर घेराकडे पाहूनच तिला कळायचं, की बरंच चुकली. चूक ही जिथल्या तिथे, कोणी पाहण्याआधी नाहीशी करायची गोष्ट आहे, हे मी अआइई शिकायच्या आधी शिकले असणार. पंचवीस वर्षं शिकवून, अ‍ॅरिझोनाबद्दल वाचून, सनमायका कापून आणूनही तळहात गेला तो त्याच सवयीने गेला.

रात्री साडेनऊच्या सुमारास दिवे एकदम मंद झाले. बहुधा शेजारी मोटर सुरू झाली असावी. पंखा रेंगाळला, ट्यूबलाइट फडफडली आणि मी भाजी चिरता चिरता थांबले.

माझं माहेर काटोलकडचं. संत्र्यांचा भाग. गावाच्या टोकाला आमचं घर, आणि डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, गावाच्या दुसऱ्या टोकाला. वायर सगळ्या गावातून, मध्ये दोन-तीन संत्र्यांच्या बागांच्या मोटरी घेऊन, मग आमच्याकडे. उन्हाळ्यात संध्याकाळी मोटरी सुरू झाल्या, की आमचा साठचा बल्ब पिवळा व्हायचा, मग नारंगी, मग त्याची आतली तार तेवढी लाल, विझत आलेल्या उदबत्तीसारखी. तिच्याकडे टक लावून बघता यायचं. दहावीचा अभ्यास मी कंदिलावर केला असं सांगते तेव्हा माझ्या पोरांना वाटतं, आई उगाच जुन्या जमान्याच्या गोष्टी रंगवते. गावात वीज होती. फक्त आमच्यापर्यंत पोचता पोचता थकायची. बाबा ओसरीवर बसून म्हणायचे, “डीपीजवळच्यांचं बरं आहे.” हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल.

आणि ती मुलगी काय वेगळं म्हणत होती? पहिल्या घरी जास्त, शेवटच्या घरी कमी. तिने गल्ली पाहिली होती, मी डीपी पाहिली होती. दोघी शेवटच्या घरच्या. त्यातली एक मॅडम झाली होती, एवढंच.

आता यातलं शास्त्र. मी तिला सांगितलं ते चूक नव्हतंच. एकापुढे एक जोडलेल्या बल्बांतून धारा एकच वाहते. तीन बल्ब सारखे असतील तर तिन्ही सारखेच उजळतील, पहिला-शेवटचा असा भेद तिथे नाही. पण गल्लीतली घरं एकापुढे एक जोडलेली नसतात. पहिल्या घरात शिरलेलं पाणी त्याच घरातून बाहेर पडून दुसऱ्या घरी जात नाही (गेलं तर भांडणं होतील). मुख्य पाइपमधून प्रत्येक घराला आपापला फाटा असतो. शिवाय पाइपमधून वाहताना पाण्याचा जोर घर्षणाने कमी होत जातो, आणि पुढच्यांनी नळ उघडले की मुख्य पाइपातून एकदम जास्त पाणी धावतं, तेव्हा तो आणखी घटतो. तारेचंही तसंच. जाड तांब्याची तार आखूड असली तर काही कळत नाही, पण लांब, बारीक तारेला स्वतःचा रोध असतो, आणि तिच्यातून जितकी धारा जास्त तितकं विभवांतर, म्हणजे विजेचा जोर, वाटेतच गळतं. पुस्तकातल्या आकृतीत तारेला रोध नसतो. गावातल्या तारेला असतो. म्हणजे तिचं उत्तर या प्रश्नाचं नव्हतं. दुसऱ्या, माझ्या मते जास्त चांगल्या प्रश्नाचं ते बरोबर उत्तर होतं. आणि तो प्रश्न मी विचारलाच नव्हता.

वेल्स यांनी डेव्हिड हेस्टेनिस आणि ग्रेग स्वॅकहॅमर यांच्याबरोबर १९९२ मध्ये बलाच्या संकल्पनांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. आकडेमोड नाही, सूत्र नाही, साध्या भाषेतले प्रश्न. तिच्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे चुकीचे पर्याय. आपल्याकडे प्रश्नपत्रिका काढताना चुकीचे पर्याय आपण मनाने ठोकतो, चौथा तर बहुतेक वेळा विनोदीच असतो. त्यांनी ते मुलांच्या खऱ्या समजुतींमधून घेतले. वर फेकलेल्या चेंडूसोबत हाताचं बल वर जात राहतं, जड वस्तू आधी पडते, असे. गणितं धडाधड सोडवणारी मुलं त्या चाचणीत गडबडतात. अशा समजुती सहज जात नाहीत. तान्ह्या पोळ्याला नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, तेव्हा आपण ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडतो आणि इडापिडा गावाबाहेर जाते म्हणे. चुकीच्या कल्पना मात्र तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नवे कपडे घालून परत वर्गात बसलेल्या असतात. पण त्या माणसांनी त्या कल्पना गोळा करून, नीट मांडून, सगळ्या जगासमोर ठेवल्या. मी त्यातली एक तळहाताने पुसली.

तान्हा पोळा झाला, सुट्टी संपली. मी बर्डीच्या बाजारातून टॉर्चचे बल्ब आणि हीटरची कॉइल आणली. दुकानदाराला वाटलं मॅडमचा हीटर बिघडला, ऑगस्टात. वर्गात आधी तीन बल्ब एकापुढे एक जोडले. आणि व्हायचं तेच झालं. मधला बल्ब इतर दोघांपेक्षा ठळक. वर्ग खूश. मॅडमचा प्रयोग फसला की वर्गाला जो आनंद होतो त्याला तोड नाही. मला घाम फुटला होता, पण या वेळी हात आवरला. ‘काय करायचं?’ विचारलं. बराच वेळ गोंधळ. मग मागून एक पोरगा म्हणाला, “बल्बाची अदलाबदल करा ना.” मधला काढून पहिल्या जागी लावला. पहिला ठळक झाला. शेवटी लावला, शेवटचा ठळक. म्हणजे दोष जागेचा नाही, बल्बाचा. हे फळ्यावर सांगायला मला एक मिनिट लागलं असतं. इथे पंधरा मिनिटं गेली.

मग मी तिच्या गटाजवळ खाली बसले. गुडघे वाजले. तिला म्हटलं, “तू त्या दिवशी गल्ली काढली होतीस ना, ती परत काढ.” तिने माझ्याकडे पाहिलं, मग मैत्रिणीकडे. “ते चुकलं होतं ना मॅडम.” मी म्हटलं, “ते मी घाईत पुसलं. काढ.” तिने काढली, पण या वेळी घरं छोटी, कोपऱ्यात, आणि बादल्या नाहीतच. बादल्या का नाहीत, मी विचारलं नाही.

प्लायच्या तुकड्यावर मी आदल्या रात्री चार खिळे ठोकले होते. कॉइल ताणून त्या खिळ्यांना गुंडाळली. ती नायक्रोमची असते, तिला सोल्डर धरत नाही, म्हणून पीळ द्यावा लागतो. परतीची तार साधी तांब्याची. प्रत्येक खिळ्यापाशी वरच्या कॉइलपासून खालच्या तारेपर्यंत एक-एक बल्ब. चार घरं. सेल लावले. पहिला बल्ब झक्क. दुसरा पिवळा. तिसऱ्याची तार हाताचा आडोसा केला तर लाल दिसायची. चौथा काहीच नाही. मी पीळ घट्ट केला, सेल दाबून पाहिले, चौथा बल्ब काढून पहिल्या जागी लावून पाहिला, चांगला होता. परत चौथ्या जागी, अंधार. माझा चेहरा पडला असावा, कारण ती मला समजावल्यासारखी म्हणाली, “असू द्या मॅडम. आमच्याकडे पण कधी कधी येतच नाही.”

गट हसला, मीही हसले. मग तिने माझी वाट न पाहता पहिला बल्ब खिळ्यावरून सोडवला. दुसरा एकदम उजळला, आणि चौथ्यात, अगदी नीट पाहिलं तर, माहेरच्या बल्बाची ती लाल तार. “पहिल्या घरचे गावाला गेले,” एकीने जाहीर केलं. मग कोण कधी गावाला जाणार याचाच खेळ सुरू झाला. दोन घरं गेली की चौथ्याला किती, तीन गेली की किती, हे आता ते माझ्याशिवाय करत होते आणि फळ्यावर लिहीत होते. बादल्या परत आल्या. अक्षर वाईट होतं. ‘विभवांतर’ ऐवजी एका ठिकाणी ‘प्रेशर’ लिहिलं होतं, मी पाहिलं आणि राहू दिलं.

तेवढ्यात तिने पहिल्या घरापाशी मार्कर टेकवून विचारलं, “मॅडम, यांच्याकडे टुल्लू पंप आहे. नळालाच लावतात. ते लागलं की आमचं साफ बंद. तो कसा दाखवायचा?”

आली पंचाईत. टुल्लू नुसता पाणी घेत नाही, ओढतो. मग पहिल्या घराच्या फाट्यात आणखी एक सेल टाकायचा का? टाकायचा तर कोणत्या बाजूने? माझ्या डोक्यात आकृती अर्धी तयार झाली होती, हात पुढे गेलाही होता. मी तो मागे घेऊन मोज्याने उगाच फळ्याची कड पुसली. तिच्या शेजारणीने बल्बाशेजारी सेलच्या दोन रेघा काढल्या, एक लांब, एक आखूड. “उलटा लावला,” दुसरी म्हणाली. “कोण म्हणते उलटा?” “अगं, मग तो पाणी बाहेर टाकल ना, आत कसा घेईल!” चौघी फळ्यावर वाकल्या. पाचवी फळा धरून होती. तिने एक हात सोडून बोटानेच लांब रेघ पुसली आणि मार्कर मागितला.